वाचक विचारतात: माणूस कामात दिसला पाहिजे

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये माणसांवरच्या माहितीपटांबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (नाशिक): चरित्रं, आत्मचरित्रं भरपूर वाचून झाली. आता माणसांवरचे माहितीपट पाहायचे आहेत. पण जे दोन-तीन पाहिले त्यांत दहा-पंधरा जण खुर्चीत बसून 'फार मोठा माणूस' एवढंच सांगून गेले. चांगली सुरुवात कुठून करावी?

उत्तर: वीस मिनिटांच्या एका माहितीपटापासून करा. सत्यजित राय यांनी १९७२ साली फिल्म्स डिव्हिजन या सरकारी माहितीपट विभागासाठी 'द इनर आय' केला. शांतिनिकेतनमधले चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी हे त्याचा विषय आहेत. राय स्वतः कलाभवनात त्यांचे विद्यार्थी होते. मुखर्जींची नजर लहानपणापासून अधू होती आणि पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण गेली. माहितीपट सुरू होतो तेव्हा हा अंध माणूस एका भिंतीसाठी फरश्यांचं मोठं भित्तिचित्र रचतो आहे. त्याची बोटं कागदाच्या कडा चाचपतात, आकार ओळखतात, पुढचा तुकडा ठरवतात. कुणी येऊन त्यांची थोरवी सांगत नाही, कारण ती बोटं समोर दिसत असतात.

पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मुखर्जींनीच काढलेल्या मध्ययुगीन संतांच्या भित्तिचित्रावरून (१९४६-४७) कॅमेरा संथपणे सरकत जातो. इतकं लांब चित्र एका चौकटीत बसवायचं तर ते चिमुकलं होऊन जाईल. म्हणून राय चालत जाणाऱ्या प्रेक्षकाच्या गतीने ते दाखवतात. फोनवर पाहिलंत तर हा भाग फुकट जाईल. निदान लॅपटॉपवर, शक्यतो टीव्हीवर पाहा.

त्यानंतर रायांचाच 'बाला' (१९७६) पाहा, नृत्यांगना बालसरस्वतींवरचा, साधारण अर्ध्या तासाचा. चित्रण झालं तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या. 'कृष्णा नी बेगने बारो' हे पद रायांनी समुद्रकिनारी चित्रित केलं आणि त्यावर रसिकांचे आजही दोन तट आहेत. वारा पदर ओढतो, मागे लाटा हलत राहतात आणि अभिनयाच्या बारकाव्यावरची नजर वारंवार ढळते. नंतरच्या भागात रंगमंचावरचं नृत्य आहे, तिथे कॅमेरा स्थिर आहे आणि तोच भाग जास्त टिकाऊ ठरला आहे. आम्हीही त्याच बाजूचे आहोत. अभिनय चेहऱ्यात आणि हातात असतो, त्यामागे समुद्राची गरज नाही.

तुम्ही पाहिलेल्या फिल्म्समध्ये जे बिनसलं ते अगदी ओळखीचं आहे. माणूस हयात नसतो, चित्रण तुटपुंजं असतं, वेळ कमी असतो, म्हणून परिचितांच्या मुलाखती एकामागे एक जोडल्या जातात. साधी चाचणी सांगतो: पहिल्या दहा मिनिटांत तो माणूस स्वतःचं काम करताना किती वेळ दिसतो ते घड्याळ लावून मोजा. दोन मिनिटांपेक्षा कमी असेल आणि कमी असण्याचं कारण फिल्ममध्येच कळत नसेल, तर पुढचा तासही बहुधा तसाच जाईल.

प्रश्न (डोंबिवली आणि बेळगाव): शास्त्रीय गायकांवरचे माहितीपट सुचवा. मराठी माणसाला जवळचे असतील तर उत्तम.

उत्तर: तीन नावं आधी. कुमार गंधर्वांवरचा जब्बार पटेलांचा 'हंस अकेला', भीमसेन जोशींवरचा गुलजारांचा माहितीपट आणि किशोरी आमोणकरांवरचा अमोल पालेकर व संध्या गोखले यांचा 'भिन्न षड्ज' (२०११). पहिले दोन फिल्म्स डिव्हिजनचे.

तिन्हींची मूळ परिस्थिती वेगळी आहे आणि तो फरक पडद्यावर दिसतो. कुमारजी १९९२ च्या जानेवारीत गेले आणि पटेलांचा माहितीपट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. म्हणजे नायक नसताना नायकाचं चित्र काढायचं होतं. तिथे आधार आहे तो जुन्या ध्वनिमुद्रणांचा, देवासच्या घराचा आणि शिष्य-स्नेह्यांच्या आठवणींचा. क्षयामुळे एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद राहिलं आणि त्या काळात माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली. या सगळ्याचा त्यांच्या पुढच्या गाण्याशी काय संबंध होता, हे समजून घ्यायचं असेल तर माहितीपटाआधी त्यांची दोन निर्गुणी भजनं ऐकून बसा. छोट्या, तुटक वाटणाऱ्या ताना का येतात हा प्रश्न आधी कानात असला की माहितीपट नीट बोलू लागतो.

गुलजारांच्या वेळी भीमसेनजी हयात होते आणि गात होते. लहानपणी गुरूच्या शोधात घर सोडून निघालेला मुलगा ही गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळते. 'भिन्न षड्ज'मध्येही किशोरीताई स्वतः आहेत. माई, म्हणजे मोगूबाई कुर्डीकर, यांच्या तालमीपासून स्वतःच्या वाटेपर्यंतचा प्रवास आणि त्या वाटेवरचा त्यांचा हट्ट दोन्ही दिसतात. त्यांच्या बोलण्यात 'भाव' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्या तो कोणत्या वेळी उच्चारतात आणि त्यानंतर लगेच काय गातात याकडे कान ठेवा.

गायकांच्या माहितीपटांत एक दोष जवळजवळ ठरलेला असतो. आलाप सुरू होतो आणि चाळीसाव्या सेकंदाला निवेदन येऊन त्याच्यावर बसतं. ख्यालाला आकार घ्यायलाच काही मिनिटं लागतात, पण संकलनाला तेवढा धीर नसतो. उपाय एकच. रागाचं नाव आणि बंदिशीचे पहिले शब्द टिपून ठेवा आणि त्याच दिवशी पूर्ण ध्वनिमुद्रण ऐका. आणि टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर तानपुरा जवळजवळ ऐकूच येत नाही, कारण त्यातला खर्ज ते छोटे स्पीकर वाजवू शकत नाहीत. साधे दोन वेगळे स्पीकर किंवा हेडफोन लावा.

या तिघांनंतर तयारी झाली असं वाटलं की मणी कौल यांचा 'सिद्धेश्वरी' (१९८९) घ्या. बनारसच्या ठुमरी गायिका सिद्धेश्वरी देवी १९७७ मध्ये गेल्या. कौलांनी त्यांचं जन्म-शिक्षण-कीर्ती असं सरळ चरित्र सांगितलंच नाही. मीता वशिष्ठ त्यांच्या भूमिकेत आहेत, पण ते नाट्यीकरणही नेहमीचं नाही. गल्ल्या, घाट, आवाज, काळ हे सगळं ठुमरीसारखं एकाच ओळीभोवती फिरत राहतं. पहिल्या वीस मिनिटांत 'आत्ता कोणतं साल आहे' हा प्रश्न सोडून दिलात तर हा माहितीपट उघडतो. धरून बसलात तर तो बंदच राहील.

प्रश्न (सेवाग्राम परिसरातले एक शिक्षक): गांधीजींवरचा मोठा माहितीपट विद्यार्थ्यांना दाखवायचा आहे. दोन अडचणी: तो फार लांब आहे, आणि जुन्या चित्रणात गांधीजी भरभर चालतात तेव्हा मुलं हसतात.

उत्तर: तुम्ही म्हणता तो विठ्ठलभाई झवेरींचा 'महात्मा: लाइफ ऑफ गांधी, १८६९–१९४८'. तो १९६८ साली गांधी स्मारक निधीने फिल्म्स डिव्हिजनच्या सहकार्याने काढला. ३३ रिळं, पाच तासांहून जास्त, कृष्णधवल, आणि निवेदनाचा मोठा भाग गांधीजींच्याच शब्दांत. झवेरी हे डी. जी. तेंडुलकरांच्या आठ खंडी गांधीचरित्राच्या कामातही होते. माहितीपटाची मांडणी त्या खंडांसारखीच आहे, वर्षामागून वर्ष आणि प्रसंगामागून प्रसंग.

मुलांना सलग दाखवू नका. पूर्ण माहितीपटाच्या छोट्या आवृत्त्याही निघाल्या आहेत, पण आमचा सल्ला मूळ आवृत्तीच घेऊन तिचे तुकडे करण्याचा आहे. दांडी यात्रेचा भाग एका तासिकेत, नौखालीचा दुसऱ्या तासिकेत. छोट्या आवृत्तीत प्रसंग राहतात आणि त्यांच्यामधली वाट पाहणं निघून जातं. या माणसाच्या आयुष्यात वाट पाहणं फार होतं.

आता भरभर चालण्याचं. मूकपटांच्या काळातले कॅमेरे हाताने फिरवले जात आणि सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी टिपत. बोलपट आल्यावर प्रक्षेपणाचा वेग सेकंदाला २४ चौकटी ठरला. १६ चौकटींनी टिपलेलं चित्रण २४ ने दाखवलं की हालचाल दीडपट जलद होते. हात फिरवणाऱ्याचा वेग एकाच प्रसंगातही कमी-जास्त होई, म्हणून ती धांदल कुठे जास्त, कुठे कमी दिसते. गांधीजी मुळातही झपझप चालत हे खरं, पण पडद्यावरची लगबग बरीचशी यंत्राची आहे.

निव्वळ मूक तुकडा दाखवताना प्लेअरचा वेग ०.७५ करा. १८ चौकटींचं चित्रण त्याने बरोबर जागेवर येतं, १६ चं थोडं जलद राहतं. निवेदन चालू असताना मात्र हे करू नका, आवाज रेंगाळू लागेल. सगळ्यात चांगलं म्हणजे मुलांना तोच तुकडा दोन्ही वेगांनी दाखवा आणि कारण सांगा. मग हसू येत नाही आणि जुनं चित्रण कसं वाचायचं ते कायमचं कळतं. १९३१ मध्ये फॉक्स मूव्हीटोनने आवाजासह घेतलेली गांधीजींची छोटी मुलाखत त्यालाच जोडून दाखवा. तिथे वेग खरा आहे, आणि उत्तर देण्याआधीची त्यांची शांतताही खरी आहे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी एखादा परदेशी माहितीपट?

उत्तर: आंरी-जॉर्ज क्लूझोचा पिकासोवरचा 'ल मिस्तेर पिकासो' (१९५६). पिकासो अर्धपारदर्शक कागदावर अशा शाईने काढतो जी मागे उमटते, आणि कॅमेरा कागदाच्या मागे असतो. त्यामुळे हात दिसत नाही, कुंचला दिसत नाही, रेषा आपोआप उगवत जाते. फुलाचा मासा होतो, माशाची कोंबडी होते. पुढे तैलरंगांची चित्रं येतात. ती अशी पलीकडून दिसत नाहीत, म्हणून थोडं रंगवायचं, थांबायचं, टिपायचं, पुन्हा रंगवायचं अशा टप्प्यांनी ती दाखवली आहेत.

विद्यार्थ्यांना एकच काम द्या. 'आता चित्र पूर्ण झालं' असं वाटेल त्या क्षणी कागदावर वेळ लिहायची. पिकासो बहुतेक वेळा तिथे थांबत नाही, पुढे जातो, आणि कधी कधी चित्र बिघडवतो. मोठा चित्रकार चांगलं चाललेलं चित्र मोडायला कचरत नाही, हे पुस्तकात वाचून पटत नाही, इथे डोळ्यांसमोर घडतं.

छायाचित्रणाचे विद्यार्थी असतील तर सेबास्तियाओ सालगादोवरचा 'द सॉल्ट ऑफ द अर्थ' (२०१४). दिग्दर्शक दोन, विम वेंडर्स आणि सालगादोंचा मुलगा जुलियानो. अर्धपारदर्शक आरशाच्या युक्तीने सालगादो स्वतःच्या छायाचित्राकडे पाहत बोलतात आणि आपल्याला त्याच चित्रामागून त्यांचा चेहरा दिसतो. रवांडाची आणि दुष्काळाची चित्रं फार जड आहेत. शाळकरी मुलांना दाखवू नका.

प्रश्न (कोल्हापूर): खेळाडूंवरचे माहितीपट म्हणजे गौरवगीतंच असतात का?

उत्तर: बरेच असतात, कारण चित्रणाचे हक्क खेळाडूच्या किंवा संघटनेच्या हातात असतात आणि परवानगी देणारा नको ते दाखवू देत नाही. अपवाद म्हणून आसिफ कपाडियांचे दोन पाहा. 'सेना' (२०१०) हा ब्राझीलचा मोटार शर्यतपटू आयर्टन सेनावर आहे. तो १ मे १९९४ रोजी इमोलाच्या शर्यतीत गेला. 'दिएगो माराडोना' (२०१९) नापोली क्लबमधल्या वर्षांवर आहे. दोन्हींत मुलाखत देणारे चेहरे पडद्यावर येत नाहीत, फक्त आवाज येतात आणि चित्र सगळं त्या काळचं. माराडोनासाठी पूर्वी न दिसलेलं सुमारे ५०० तासांचं चित्रण हाताशी होतं.

या पद्धतीचा परिणाम असा की माणूस म्हातारा होऊन मागे वळून शहाणपण सांगत नाही. तो प्रत्येक क्षणी त्या वयाचाच राहतो आणि पुढे काय होणार ते त्याला माहीत नसतं. पण यातला धोकाही ओळखा. चेहरा दिसत नसला की बोलणारा कोण, त्याचा हितसंबंध काय, हे विसरायला होतं. नाव पडद्यावर क्षणभर येतं. तिथे थांबवून वाचा.

प्रश्न (ठाणे): 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' पाहून रडू आलं. नंतर कुणी सांगितलं की त्यात सगळं खरं नाही. मग अशा माहितीपटांवर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर: तुमचं रडू खोटं ठरत नाही, पण सांगणाऱ्याचं म्हणणंही बरोबर आहे. मलिक बेन्जेलूलचा हा २०१२ चा माहितीपट, ऑस्कर मिळालेला. डेट्रॉईटचा गायक रॉड्रिगेझ, त्याच्या १९७० आणि १९७१ च्या दोन तबकड्या अमेरिकेत पडल्या, दक्षिण आफ्रिकेत मात्र तो घराघरात पोचला आणि तिकडच्या चाहत्यांना तो मेला असंच वाटत होतं. हे सगळं खरं आहे. माहितीपटात गाळलं आहे ते हे: ऑस्ट्रेलियातही त्याची गाणी गाजली होती आणि १९७९ व १९८१ मध्ये त्याने तिथे दौरे केले होते. म्हणजे तो 'पूर्ण विस्मृतीत' नव्हता. खोटं एकही वाक्य नाही, फक्त एक खंडच वगळला. आमच्या मते हे वगळणं चुकीचं होतं. ऑस्ट्रेलिया ठेवूनही गोष्ट तितकीच विलक्षण राहिली असती.

तपासायचं ते असं. आयुष्याची वर्षं कागदावर ओळीने मांडा आणि माहितीपट कोणत्या वर्षांवरून उडी मारतो ते पाहा. उडी मोठी असेल तिथे काहीतरी असतं. मग असायला हवं होतं पण नाही, असं कोण ते शोधा: घटस्फोटित जोडीदार, भांडलेला भागीदार, मागे राहिलेला भाऊ. शेवटच्या नामावलीत पैसा कुणाचा आणि 'विशेष आभार' कुणाचे ते वाचा. कुटुंबीय निर्माते असतील तर माहितीपट वाईट असतोच असं नाही, पण कोणती दारं उघडली आणि कोणती बंद राहिली याचा अंदाज येतो.

याच अंगाने एरॉल मॉरिसचा 'द फॉग ऑफ वॉर' (२००३) पाहा. व्हिएतनाम युद्धाच्या काळातले अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा, वय ८५, एकटेच बोलतात. मॉरिस यांनी प्रॉम्प्टरसारख्या काचेची एक रचना केली आहे. समोरच्याला भिंगाच्या जागीच प्रश्नकर्त्याचा चेहरा दिसतो, म्हणून त्याची नजर थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत येते. साध्या मुलाखतीत नजर कॅमेऱ्याच्या बाजूला असते आणि माणूस सुटू शकतो. इथे तो कुठे उत्तर टाळतो ते पापणीत दिसतं. 'एकच माणूस बोलत राहिला तर कंटाळा येईल' अशी शंका असणाऱ्यांनीही हा जरूर पाहावा.

प्रश्न (बारामती): ज्यांचं चित्रणच उपलब्ध नाही अशा व्यक्तींवर प्रामाणिक माहितीपट होऊ शकतो का? हल्ली तर आवाजही संगणकाने बनवतात.

उत्तर: होऊ शकतो, एका अटीवर. काय खरं आणि काय उभं केलेलं ते प्रेक्षकाला कळलं पाहिजे. रायांच्या 'रवींद्रनाथ टागोर'मध्ये (१९६१, ५४ मिनिटं) बालपणाचे प्रसंग अभिनेत्यांकडून करून घेतले आहेत. पण सुरुवातीला १९४१ च्या अंत्ययात्रेचं खरं चित्रण आहे आणि दोन्हींचा पोत इतका वेगळा आहे की गल्लत होत नाही. जेम्स मार्शच्या 'मॅन ऑन वायर'मध्ये (२००८) फिलिप पेती ७ ऑगस्ट १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या दोन मनोऱ्यांमध्ये तारेवरून चालला तो प्रसंग आहे. त्या चालण्याचं हलतं चित्रण नाही, फक्त स्थिर छायाचित्रं आहेत. मार्शने रात्रीची तयारी नाट्यरूपात उभी केली, पण चालण्याच्या ठिकाणी अभिनेता आणला नाही. छायाचित्रं आणि संगीत, बस. तिथे श्वास अडकतो.

उलट उदाहरण अमेरिकन शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेनवरच्या 'रोडरनर'चं (२०२१). त्याने लिहिलेली, पण कधी न उच्चारलेली काही वाक्यं संगणकाने घडवलेल्या त्याच्या आवाजात ऐकवली गेली आणि माहितीपटात तसं सांगितलं नाही. दिग्दर्शकाच्या मुलाखतीतून ते बाहेर आलं. शब्द त्याचे होते हे खरं, पण उच्चार हाही पुरावा असतो. माणूस एखादं वाक्य कसं म्हणतो यावर आपण त्याची मनःस्थिती ठरवतो. अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविनवरच्या राऊल पेकच्या 'आय ॲम नॉट युवर नीग्रो'मध्ये (२०१६) बाल्डविनच्या अपुऱ्या हस्तलिखिताचे शब्द सॅम्युएल एल. जॅक्सन या नटाने वाचले आहेत आणि नामावलीत ते स्पष्ट लिहिलं आहे. योग्य पद्धत ती.

प्रश्न (घाटकोपर): प्रसिद्ध नसलेल्या माणसांवरचे?

उत्तर: तुमच्या भागातलाच आधी. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११). ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. ते पाहून काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. पटवर्धन त्यांना आधीपासून ओळखत होते. १९८५ च्या 'हमारा शहर' मध्ये घोगरेंचं गाणं आहे. हा माहितीपट १४ वर्षांत चित्रित झाला आणि त्याची लांबी तीन तासांच्या आसपास आहे. एका शाहिरापासून निघून तो शाहिरीच्या सगळ्या परंपरेपर्यंत जातो. गाणी अर्धवट कापलेली नाहीत, हे त्याचं मोठं बळ आहे. मराठी माणसाला सबटायटलशिवाय तो ऐकता येतो, म्हणून शक्य तर सबटायटल बंद करून पाहा. इंग्रजी ओळी वाचताना शाहिराच्या शब्दावरची थाप निसटते.

दुसरा, उत्तर मॅसेडोनियाचा 'हनीलँड' (२०१९). डोंगरातल्या ओसाड खेड्यात आजारी आईसोबत राहणारी मधपाळ हातिजे. मध काढताना अर्धा माशांना ठेवायचा, हा तिचा नियम. शेजारी एक मोठं कुटुंब येऊन राहतं, तेही माशा पाळू लागतं आणि हा नियम मोडतो. पुढचं सांगत नाही. चित्रण तीन वर्षं चाललं, गावात वीज नव्हती आणि सुमारे ४०० तासांचं चित्रण जमा झालं. दिग्दर्शकांना तिची तुर्की बोली येत नसल्याने पहिलं संकलन संवाद न समजता, निव्वळ चित्रांवरून झालं. त्यामुळे आवाज बंद करूनही तो जवळजवळ कळतो. करून पाहा.

प्रश्न (पुणे): 'सेल्युलॉइड मॅन' वेळ देण्यासारखा आहे का?

उत्तर: नक्की आहे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा हा २०१२ चा माहितीपट पी. के. नायर यांच्यावर आहे, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्यांच्यावर. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन'चं जे काही आज आपल्याकडे उरलं आहे ते नायरांनी शोधून आणलेलं. माहितीपट १६ मिलिमीटर फिल्मवर, अकरा छायाचित्रकारांनी टिपला. अडीच तासांहून थोडा लांब आहे आणि मुलाखती भरपूर आहेत, त्यांतल्या काही कमी करता आल्या असत्या. पण नायर डबे उघडतात, फिल्मचा वास घेतात, कोणत्या रिळात कोणता प्रसंग आहे ते न पाहता सांगतात. पहिल्या उत्तरातली घड्याळाची चाचणी इथे सहज पार होते. आणि हेही लक्षात घ्या की १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकरांनी, त्यांच्या स्वागताचं चित्रण केलं होतं. आपल्याकडे कॅमेरा आला आणि जवळजवळ लगेच एका माणसाकडे वळला.

प्रश्न (वाई): आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा असे माहितीपट दाखवायचे आहेत. चाळीस-पन्नास लोक असतात. कशाची काळजी घ्यावी?

उत्तर: परवानगीपासून सुरू करा. नेटफ्लिक्ससारख्या सेवांचं सदस्यत्व घरगुती वापरासाठी असतं, त्यावरून सभागृहात दाखवणं त्यांच्या अटींत बसत नाही. ते चालत नाही याची जाणीव यंत्रही करून देतं. जुना प्रोजेक्टर एचडीसीपी हे नक्कल रोखणारं संरक्षण मानत नसेल तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. स्वतंत्र दिग्दर्शकांना लिहून विचारा. वाचनालयासाठी अनेक जण अल्प मानधनात किंवा विनामूल्य परवानगी देतात. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं, तेव्हा जुन्या सरकारी माहितीपटांसाठी पत्र तिकडे पाठवायचं. त्यांतले पुष्कळ यूट्यूबवर अधिकृतपणे आहेत, निवड करताना आधी तिथे पाहून घ्या. सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, तेही विचारून ठेवा.

पन्नास जणांच्या खोलीत खिडक्यांना जाड पडदे असतील तर ३००० ते ३५०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर पुरतो. पडदे नसतील तर ल्युमेन वाढवण्यापेक्षा कार्यक्रम संध्याकाळी साडेसातला ठेवा. कृष्णधवल चित्रणात काळा रंग उजेडाने करडा पडतो आणि चेहरे सपाट दिसतात, रंगीत चित्रणाला तेवढा फटका बसत नाही. प्रोजेक्टर किती दूर ठेवायचा ते त्याच्या माहितीपुस्तिकेतल्या थ्रो रेशोवरून, म्हणजे अंतर आणि पडद्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावरून, काढा. तो १.५ असेल आणि पडदा २.४ मीटर रुंद असेल तर अंतर ३.६ मीटर.

साठ-सत्तरच्या दशकातले माहितीपट ४:३ चौकटीतले आहेत. २.४ मीटर रुंद, १६:९ च्या पडद्यावर ते १.८ मीटर रुंद दिसायला हवेत, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहून. कुणीतरी 'पडदा भरत नाही' म्हणून चित्र ताणतं आणि बालसरस्वती ठेंगण्या, जाड दिसू लागतात. टीव्ही किंवा प्रोजेक्टरमध्ये 'फुल' किंवा 'स्ट्रेच' निवडलेलं नाही ना, हे आधी पाहा. कडक उपाय म्हणजे रिमोट एकाच माणसाच्या हाती ठेवणं.

परदेशी माहितीपटांना मराठी सबटायटल स्वतः केलीत तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं येतात. एका वेळी दोनच ओळी आणि ओळ छोटी. मागच्या रांगेतल्या ज्येष्ठांना वाचता येतं का ते तिथे बसून पाहा. सबटायटल सुरुवातीपासून सारख्याच अंतराने पुढे-मागे असतील तर व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी ती सरकतात, दर वेळी ५० मिलिसेकंद. पण सुरुवात जुळते आणि शेवटी फरक वाढत जातो, असं असेल तर कळा दाबून उपयोग नाही. तिथे चित्रपट २५ चौकटींच्या वेगाचा आणि फाइल २३.९७६ च्या वेगासाठी बनवलेली असते. दीड तासाच्या शेवटी हा फरक पावणेचार मिनिटांच्या आसपास जातो. फाइलचा वेगच बदलून घ्यावा लागतो, सबटायटल संपादनाच्या मोफत साधनांत ती सोय असते.

पहिल्या महिन्यात 'द इनर आय' आणि 'बाला' एकत्र ठेवा, दोन्ही मिळून तासाच्या आत. 'जय भीम कॉम्रेड' निवडाल तेव्हा कार्यक्रम रविवारी दुपारी घ्या आणि मध्ये पंधरा मिनिटांचा चहा ठेवा. आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने, त्याच खोलीत पहिली दहा आणि शेवटची पाच मिनिटं चालवून पाहा. लॅपटॉप झोपी जाण्याची आणि आपोआप अपडेट होण्याची सोय त्या दिवसापुरती बंद करा, आणि चार्जर खिशात नव्हे, भिंतीत लावलेला असू द्या.